एस्नोगाचं 1:100 मॉडेल : कामाच्या नोंदी

अ‍ॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज सिनेगॉगचं (पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं), म्हणजे एस्नोगाचं, पुठ्ठा-लाकडाचं मॉडेल करतेय. मी राहते आम्स्टेलवेनला, त्यामुळे अडलं की रविवारी जाऊन खरी इमारत बघून येता येतं. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो, पर्यटकांना प्रवेश नाही. पुढेमागे कुणी याच इमारतीच्या वाटेला गेलं तर माझे फुकट गेलेले पैसे तरी वाचावेत, म्हणून या नोंदी.

4 जानेवारी

माप ठरलं. इमारत साधारण 38 मीटर लांब, 26 रुंद आणि साडेएकोणीस उंच. 1:100 घेतलं की मीटरचा सरळ सेंटिमीटर होतो. 1:50 चा मोह झाला होता, पण टेबल एकच आहे आणि त्यावर जेवायचंही असतं.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा. बाहेरून ही इमारत म्हणजे एक मोठी, गंभीर विटांची पेटी. घुमट नाही, मनोरा नाही, छप्परही रस्त्यावरून धड दिसत नाही. सगळी श्रीमंती आत: चार अवाढव्य आयोनिक (गुंडाळीदार माथ्याचे) खांब, त्यांवर तीन लांब लाकडी अर्धगोल छतं, दोन्ही अंगांना बायकांच्या गॅलऱ्या आणि त्या पेलणारे बारा छोटे खांब. नुसतं बाहेरून मॉडेल केलं तर कुणीही विचारील, हे गोदाम कसलं? तेव्हा एक लांब भिंत सुटी ठेवायची, काढली की आतलं दिसेल अशी. हे आधीच ठरवा. सगळं चिकटवून झाल्यावर भिंत सुटी होत नाही.

13 जानेवारी

सामान आणलं. 1 आणि 2 मिलीमीटरचा ग्रे बोर्ड (जाड करडा पुठ्ठा), 1 मिलीमीटरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, विमानाच्या मॉडेलांना वापरतात तो पातळ प्लायवूड, गोल डॉवेल (लाकडी दांड्या), पितळी तार. 94 युरो. त्यातला प्लायवूडच 31 चा. गोंद घरचाच, फेव्हिकॉल. गेल्या खेपेला भारतातून आणलेला डबा अजून निम्मा आहे. इथला पांढरा गोंद वाईट नाही, पण हातावर वाळल्यावर तसा सालपटासारखा निघत नाही.

27 जानेवारी

खिडक्या. एकूण 72, बहुतेक कमानीच्या, बारीक चौकटींच्या. इथेच पहिलं आडवं आलं.

ग्रे बोर्डातून लेझरने चौकटीसकट कापून घ्यायचा बेत होता. मेकरस्पेसमध्ये, म्हणजे मशीन भाड्याने वापरता येतात त्या कार्यशाळेत, पहिली भिंत मशीनवर टाकली. अर्धा मिलीमीटरच्या पट्ट्या कापता कापता काळ्या पडल्या आणि पाखडल्यावर कोंडा उडावा तशा उडून गेल्या. मशीनचा वेग वाढवून पाहिला, मग पुठ्ठा धड कापलाच जाईना. भाडं 18 युरो, हाती जळका पुठ्ठा.

शेवटी जमलं ते असं: भिंतीत फक्त कमानीचं भोक कापायचं. चौकटी अ‍ॅक्रिलिकवर लेझरने हलक्या कोरायच्या. त्या खोबणीत पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग बोटाने चोळायचा आणि लगेच ओल्या फडक्याने वरचा पुसून काढायचा. रंग खोबणीत राहतो, काच स्वच्छ होते. पुसायला उशीर केलात तर धूसर डाग राहतात, ते मग निघत नाहीत. एका वेळी सहाच खिडक्या घ्या.

हे सगळं इतक्या निगुतीने करायचं कारण आहे. या इमारतीत वीज नाही. आजही नाही. दिवसा जो काही उजेड आहे तो या खिडक्यांचा आणि संध्याकाळी मेणबत्त्यांचा, सगळ्या लावल्या तर हजारभर. खिडक्या बिघडल्या की मॉडेल आंधळं.

11 फेब्रुवारी

छत. तीन अर्धगोल लाकडी पिंपं, खरं तर उभी चिरलेली अर्धी पिंपं, शेजारी शेजारी आडवी ठेवलेली. इतक्या मोठ्या दालनाला दगडी कमानींचं छत का नाही, याचं उत्तर जमिनीत आहे. अ‍ॅमस्टरडॅमची जमीन म्हणजे दलदल. इमारती लाकडी खांब ठोकून त्यांवर उभ्या, ही त्यातलीच. दगडी छताचं ओझं असल्या पायाला झेपलं नसतं. इथल्या बऱ्याच जुन्या चर्चनाही याच कारणाने लाकडी छत आहे.

प्लायवूड गरम पाण्यात भिजवून पीव्हीसीच्या पाइपाला गुंडाळला, वरून चिंध्या आवळून रात्रभर ठेवला. सकाळी सोडला तर लांबीभर तडे. रेषा आडव्या धरून वाकवला होता. रेषा पिंपाच्या लांबीला समांतर हव्यात, मग तो कागदासारखा वळतो. 31 युरोतले दहा-बारा तिथे गेले. दुसऱ्या तुकड्याला काही झालं नाही. पाइप मात्र हव्या त्या वळणापेक्षा थोडा बारीक घ्या, कारण सोडल्यावर लाकूड जरा उलगडतं.

25 फेब्रुवारी

आज बाहेरच्या भिंतीवरचे विटांचे थर मोजायला गेले होते. पद्धत साधी आहे: हाताला येतील ते दहा थर पट्टीने मोजायचे, मग फोटोत वरपर्यंतचे थर मोजून गुणाकार करायचा. खिडकीचा उंबरा, कमानीचा माथा, वरचा कठडा, सगळ्यांच्या उंच्या मिळतात.

पण आज थर मोजायचा दिवस नव्हता. सिनेगॉगच्या शेजारचा चौक, योनास डॅनिएल मायरप्लाइन, माणसांनी भरला होता. 1941 च्या फेब्रुवारीत, 22 आणि 23 तारखेला, जर्मन पोलिसांनी इथे ज्यू वस्तीत धाड घालून चारशेहून जास्त पुरुष धरून नेले. त्याविरुद्ध 25 ला शहर संपावर गेलं: ट्राम बंद, गोदी बंद. त्याची आठवण म्हणून चौकात एका गोदी कामगाराचा पुतळा आहे आणि दर वर्षी याच तारखेला लोक फुलं घेऊन येतात. तारीख माझ्या लक्षातच आली नव्हती. पट्टी पिशवीत टाकली आणि रांगेत उभी राहिले.

इमारत युद्धातून जवळपास धक्का न लागता वाचली. तिथे प्रार्थनेला येणारी माणसं मात्र बहुतेक परत आली नाहीत. दालनातले बाक पाहताना हे डोक्यात राहतं. किती जणांसाठी बांधलं होतं, हे त्या बाकांवरून कळतं.

3 मार्च

थर मोजून झाले. उंच्या पक्क्या.

10 मार्च

बाहेरच्या भिंती उभ्या केल्या आणि दोन दिवस नुसती बघत बसले. मापं बरोबर, खिडक्या बरोबर, तरी दिसायला बुटाचं खोकं. काहीतरी मोठं सुटलं होतं.

सुटले होते ते धिरे. या भिंतींना आधार देणारे विटांचे रुंद धिरे आहेत, जमिनीपासून वरपर्यंत गेलेले. मी ते सरळ पट्ट्या कापून चिकटवले होते. खरे धिरे पायाशी बाहेर झुकत येतात, खालच्या टोकाला वळण घेऊन. फोटोत समोरून ते वळण दिसत नाही, बाजूने भिंतीलगत उभं राहून वर पाहिलं की दिसतं.

आणि या वळणामागे चक्क एक मॉडेल आहे! याकोब यहुदा लिओन नावाचा एक विद्वान याच समाजातला. त्याने जेरुसलेमच्या सोलोमनच्या मंदिराचं मॉडेल बनवलं, ते लोकांना दाखवलं आणि 1642 साली त्याचं वर्णन छापलं. मॉडेल इतकं गाजलं की माणसाचं नावच ‘टेंप्लो’ पडलं. खरं मंदिर कुणी पाहिलेलं नाही, सगळी रचना ग्रंथांवरून आणि कल्पनेने केलेली. त्या मॉडेलात भिंतींना असे बाहेर झुकणारे भक्कम धिरे होते. पुढे तीस वर्षांनी याच समाजाने स्वतःचं मोठं सिनेगॉग बांधायला घेतलं तेव्हा ते धिरे विटांत उतरले. एलियास बाउमन हा बांधणारा काही ज्यू नव्हता, शहरातला नावाजलेला गवंडी. बाकीची इमारत त्याने आपल्या डच सवयीने, मोजूनमापून, बिनानखऱ्याची बांधली. धिरे मात्र टेंप्लोचे.

म्हणजे मी करतेय ते एका मॉडेलवरून झालेल्या इमारतीचं मॉडेल. हे कळल्यावर सरळ पट्ट्या ठेवणं शक्यच नव्हतं. सगळ्या खरवडून काढल्या. खाली भिंतीचा वरचा कागद उचकटला गेला, तो पुन्हा लांबी (पुट्टी) भरून घासावा लागला. नवे धिरे 1 मिलीमीटर बोर्डाचे चार थर एकावर एक लावून केले. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा वरून आखूड, मग सँडपेपरने वळण काढलं. लाकडातून कोरूनही होईल, पण थरांचं काम सोपं, आणि सगळे एकसारखे येतात.

लावल्यावर खोकं पाय रोवून उभं राहिलं. या मॉडेलात एकच गोष्ट मन लावून करायची असेल तर ती हे धिरे.

24 मार्च

खांब. चार मोठ्यांना जाड डॉवेल, बारा छोट्यांना बारीक. दगडाचा रंग. त्यात काही विशेष नाही.

विशेष आहे ते आयोनिक माथ्यांत. दोन बाजूंना गुंडाळी असलेला तो माथा 1:100 ला जेमतेम दीड सेंटिमीटरचा होतो. मातीचा केला, वाळताना चिरला. थ्रीडी प्रिंट करून घेतली, थर दिसत होते आणि 22 युरो गेले. शेवटी क्विलिंगच्या कागदी पट्ट्या कामी आल्या. लेकीच्या क्राफ्टच्या डब्यातली दोन मिलीमीटरची पट्टी सुईला गुंडाळायची, थोडी सैल सोडायची, मागून गोंदाचा थेंब. गुंडाळी आपोआप होते. वर रंगाचे दोन हात. खर्च शून्य, फक्त पट्ट्यांच्या मोबदल्यात आइस्क्रीम कबूल करावं लागलं.

7 एप्रिल

पवित्र पेटी, जिच्यात तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवतात. दालनाच्या आग्नेय टोकाला, जेरुसलेमच्या दिशेने. पेटी म्हणायची, पण आहे दोन मजली हवेलीच्या दर्शनी भागाएवढी. लाकूड ब्राझीलहून आणलेलं, जॅकरांडा. इथे गफलत होते: निळ्या-जांभळ्या फुलांचं जॅकरांडा ते हे नव्हे. हे ब्राझिलियन रोझवूड, आपल्या शिसवीच्याच कुळातलं, तसंच गडद आणि काळसर रेषांचं. म्हणून शिसवीचा व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) शोधला, एक छोटा तुकडा 9 युरोला मिळाला. अक्रोडाचा स्वस्त होता, पण रंग फार उबदार, चॉकलेटी पडतो.

ब्राझील कुठून आलं याचीही गोष्ट आहे. नवं सिनेगॉग हवं असा धोशा ज्याने लावला तो रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, इसाक अबोआब द फोन्सेका. उमेदीची वर्षं त्याने ब्राझीलमध्ये रेसिफेला काढली होती, डचांच्या ताब्यातल्या भागात. 1654 ला पोर्तुगीजांनी तो भाग परत घेतला आणि तिथल्या ज्यूंना निघावं लागलं. अबोआब अ‍ॅमस्टरडॅमला परतला आणि 1670 साली त्याने नव्या इमारतीसाठी प्रवचन दिलं. पेटीच्या लाकडाचा दाता मोझेस कुरिएल हा व्यापारी, आणि तो पोर्तुगालच्या राजाचा इथला प्रतिनिधीही होता. ज्या राज्यात ज्यू म्हणून राहणं गुन्हा, त्याच राज्याचं कामकाज इथे एक ज्यू बघत होता. व्यापाराला असली कोडी पडत नसावीत.

आईला व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली. ती म्हणाली, “पोर्तुगीज म्हणजे आपल्या गोव्यातले का गं?” मी आधी हसले, मग म्हटलं, अगदीच काही चूक नाही. जबरदस्तीने बाटवलेली ही घराणी इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, धाकाने जिथे जहाज नेईल तिथे पांगली. कुणी अ‍ॅमस्टरडॅमला येऊन पुन्हा उघडपणे ज्यू झालं, कुणी गोव्याला पोचलं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर 1563 साली गोव्यात पुस्तक छापणारा वैद्य गार्सिया दा ऑर्टा अशाच घरातला. त्याच्या बहिणीला, कातारिनाला, 1569 मध्ये गोव्यात जाळलं. तो स्वतः आधीच वारला होता, तर 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. आई म्हणाली, “मेलेल्या माणसालाही सोडलं नाही?” आणि मग पेटीला दारं लावलीस का, ते विचारलं. लावली नव्हती.

21 एप्रिल

जमीन. खऱ्या दालनात फळ्यांवर बारीक वाळू पसरलेली असते. जुनी डच पद्धत: बुटांची घाण आणि ओल वाळू शोषून घेते, पावलांचा आवाजही दबतो. कॅरिबियनमध्ये कुरासाओ बेटावर याच समाजातल्या लोकांनी 1732 साली बांधलेल्या सिनेगॉगमध्येही अशीच वाळू आहे.

पहिला प्रयत्न: समुद्रावरची वाळू, चहाच्या गाळणीने चाळलेली, खाली पातळ केलेला फेव्हिकॉल. दुहेरी फजिती. पाण्याने तळाचा बोर्ड पोळीसारखा फुगला, आणि या मापाला वाळूचा कण म्हणजे नारळाएवढा दगड. दालन नाही, नदीचं पात्र दिसायला लागलं.

तळ नवा कापला (2 मिलीमीटरऐवजी 3 चा एमडीएफ, 7 युरो), त्यावर रुंद डबल टेप, आणि वाळूऐवजी रांगोळी. इंडियन स्टोअरमधली पांढरी, तिच्यात चिमूट पिवळी आणि अगदी कणभर तपकिरी. चिमटीतून सोडायची सवय हाताला होतीच. टेपवर पसरायची, हलकं दाबायचं, उलटं करून झटकायचं. बाक मात्र आधी चिकटवा, रांगोळी नंतर. रांगोळीवर गोंद धरत नाही.

बाकांची दिशा नीट बघा. चर्चमध्ये सगळे समोर तोंड करून बसतात तसं नाही. एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाकडे तेवा, म्हणजे वाचनाचा उंच चौथरा, आणि बाकांचे दोन गट एकमेकांकडे तोंड करून. शंका आली तर राइक्सम्युझियममधलं इमॅन्युएल द विटचं 1680 चं चित्र पाहा. इमारत जेमतेम पाच वर्षांची असताना काढलेलं, आणि आज गेलात तरी दालन ओळखू येतं.

12 मे

झुंबरं. पितळेची मोठी चार. पितळी तारेने केली तर तार सारखी वाकडी होत होती, फांद्या एका उंचीला येईनात. मग इमिटेशनच्या जुन्या झुमक्यांचे भाग सुटे केले, मधला गोळा म्हणून पितळी मणी, फांद्या मात्र तारेच्याच. तार आधी गॅसवर तांबूस होईतो तापवून थंड होऊ दिली की नरम पडते आणि खिळ्याभोवती हवं ते वळण घेते. मेणबत्त्या म्हणजे पांढऱ्या ब्रशच्या केसांचे तुकडे. हजार लावल्या नाहीत. डोळे आपलेच आहेत.

सगळे विचारतात, आत एलईडी का नाही? खऱ्या इमारतीत दिवा नाही म्हणून. थंडीत प्रार्थना अंगणातल्या हिवाळी सिनेगॉगमध्ये होते, तिथे ऊब आणि वीज दोन्ही आहे. मोठ्या दालनाला तारा लावल्या नाहीत त्या नाहीतच. मी टेबललॅम्प बाहेरून खिडक्यांवर तिरका धरते. खिडक्यांवर घेतलेली मेहनत तेव्हा वसूल होते.

26 मे

दारावरचा लेख. स्तोत्रातली ओळ आहे, तुझ्या अपार दयेने मी तुझ्या घरात येईन, अशा अर्थाची. त्यातल्या काही अक्षरांवर खुणा आहेत. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते. खुणेच्या अक्षरांची बेरीज 1672 साल देते, आणि त्यातच अबोआबचं नावही गुंफलंय.

आता गंमत अशी की इमारत 1672 ला पुरी झालीच नाही. पाया 1671 च्या एप्रिलमध्ये घातला आणि 1672 ला फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप एकदमच हॉलंडवर तुटून पडले. काम थांबलं. उद्घाटन झालं 2 ऑगस्ट 1675 ला. लेखातलं साल तसंच राहिलं. म्हणून मॉडेलवर साल घालताना मी दारावर 1672 आणि पाटीवर 1675 घातलंय. कुणी चूक काढायला आलं तर ही नोंद दाखवीन.

या मापाला अक्षरं वाचता येत नाहीतच. फोटो कागदावर छापून, कडा करड्या रंगवून चिकटवला. कोरायच्या फंदात पडू नका.

16 जून

अंगण. इमारतीभोवती चारही बाजूंनी बुटक्या इमारतींची रांग आहे: हिवाळी सिनेगॉग, कचेऱ्या आणि एट्स हायिम ग्रंथालय, 1616 पासून चालू असलेलं. हे सगळं खिडक्या-दारांसकट करायचं म्हटलं तर दिवाळी उजाडेल. नुसते करडे ठोकळे केले. पण ठोकळे हवेतच. त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय मधल्या इमारतीची उंची कळत नाही.

पायाचे लाकडी खांब दाखवायला एका कोपऱ्यात तळ कापून खाली बांबूच्या काड्या लावल्या, त्यांभोवती निळसर अ‍ॅक्रिलिक. हे खांब पाण्याखाली राहिले तरच टिकतात, हवा लागली की कुजायला लागतात. खऱ्या इमारतीखाली विटांच्या कमानी आहेत, आणि त्यांची पाहणी होडीतून करता येते. मला अजून त्या होडीत बसायला मिळालेलं नाही.

23 जून

हिशेब: एकूण 247 युरो, त्यातले साठेक चुकांचे. सगळ्यात महाग चूक थ्रीडी प्रिंट, सगळ्यात वेळखाऊ धिरे.

राहिलेलं काम: सुटी भिंत अजून नीट बसत नाही. चार कोपऱ्यांत छोटे लोहचुंबक लावलेत, पण खालच्या दोघांची ओढ कमी पडते आणि भिंत वरून घट्ट, खालून फटीची राहते. मोठे चुंबक मागवलेत. नव्याने करणाऱ्याने चुंबकांच्या खाचा भिंती कापतानाच लेझरने काढून घ्याव्यात, आणि 3 नव्हे, 5 मिलीमीटरच्या.